मुलांचा पहिला कॉम्प्युटर: जुना लॅपटॉप, डेबियन आणि काळा पडदा

मुलाला कॉम्प्युटरची ओळख करून द्यायची म्हटलं की बहुतेक घरांत त्याच्या हातात टॅब येतो. बोट लावलं की काहीतरी हलतं, एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. माझ्या लेकीसाठी मला याच्या अगदी उलट मशीन हवं होतं, तिने सांगितल्याशिवाय काहीही न करणारं. म्हणून दुसरीच्या उन्हाळी सुट्टीत तिला एक जुना लॅपटॉप दिला. त्यावर डेबियन लिनक्स (विंडोजच्या जागी मशीन चालवणारी फुकट यंत्रणा) बसवलं, तेही माऊस, आयकॉन, खिडक्या यातलं काहीच न घालता. नुसता काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ. आता तिचा धाकटा भाऊही त्याच मशीनवर बसायला लागलाय.

ओळखीतले बरेच जण विचारतात, एवढं अवघड कशाला? एकतर ते मुलांना आपल्याला वाटतं तितकं अवघड जात नाही. आणि जेवढं अवघड आहे, तेवढंच तर हवंय. काळ्या पडद्यावर मुलाला प्रत्येक गोष्ट वाचावी लागते, टाइप करावी लागते आणि आलेलं उत्तर समजून घ्यावं लागतं. चुकलं तर मशीन लगेच सांगतं, न रागावता आणि कितीही वेळा. जाहिरात नाही, 'पुढचं बघा' नाही. शिवाय हे काही जगावेगळं नव्हे. केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतायत. आपल्याकडे कर्जतजवळच्या खैरात गावच्या छोट्या शाळेत २००७ मध्ये मुलांना जे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले होते, त्यांच्या आतही लिनक्सच होतं.

हा लेख अशा पालकांसाठी, मावशी-काकांसाठी आहे ज्यांनी स्वतः लिनक्स कधी बसवलेलं नाही पण बसवायची तयारी आहे. वाचण्याआधी एक सोय समजून घ्या. आज्ञा मी अक्षरांच्या उच्चाराने लिहिल्या आहेत. 'एल-एस' म्हणजे इंग्रजी एल आणि एस ही अक्षरं, जोडून, छोट्या लिपीत. मधली रेघ टाइप करायची नाही. जिथे खरोखर रेघ टाइप करायची आहे तिथे 'डॅश' असं लिहिलंय. आकडे मशीनवर इंग्रजीच लागतात. मुलाला सांगतानाही असंच एकेक अक्षर उच्चारून सांगावं लागतं, त्यामुळे तुम्हालाही सवय होईल.

१. आधी वय आणि वेळ बघा

मुलाला इंग्रजी अक्षरं ओळखता यायला हवीत, एवढीच अट. शब्दांचे अर्थ कळले पाहिजेत असं नाही. मराठी माध्यमातली मुलंही सात-आठ वर्षांची झाली की आरामात सुरू करू शकतात. त्याहून लहान मूल मागेच लागलं तर मांडीवर घेऊन बसा, पण अपेक्षा ठेवू नका.

खरी अट तुमच्यावर आहे. पहिले काही आठवडे मुलाशेजारी बसायला तुमच्याकडे अर्धा तास रिकामा असला पाहिजे, फोन बाजूला ठेवून. हे मशीन मुलाला गुंतवून तुम्ही स्वयंपाकाला लागावं अशातलं नाही. तेवढा वेळ नसेल तर सुट्टीपर्यंत थांबा.

२. काय काय लागेल

- एक जुना लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. डेस्कटॉपची चित्रं-खिडक्या न घालता डेबियनला ५१२ एमबी रॅम आणि १० जीबी जागा पुरते. घरातला कपाटावर पडलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप त्यासाठी भरपूर झाला.
- किमान २ जीबीचा पेन ड्राइव्ह. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे.
- डेबियन उतरवून घ्यायला दुसरा चालू कॉम्प्युटर.
- इंटरनेट, शक्यतो केबलने. केबल नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, बहुतेक मशीन ते केबलसारखंच ओळखतात.
- एक दोनशे पानी वही आणि पेन्सिल. हे फालतू वाटेल, पण यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू हीच.
- पांढरे छोटे स्टिकर. कशाला ते पुढे येईल.

घरात जुनं मशीन नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा आपापल्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे वापरलेले ऑफिस लॅपटॉप मिळतात. घेताना कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबून बघा. मुलाचं सगळं काम कीबोर्डवर चालणार आहे, एक अक्षर उठत नसेल तर सगळाच विचका होतो. टचपॅड बिघडलेलं असेल तर मात्र खुशाल घ्या आणि किंमत कमी करून मागा.

३. मशीन उघडून तपासा

बॅटरी फुगलेली नाही ना, हे पहिलं. खालचं झाकण वर आलंय, टचपॅड उचललाय, लॅपटॉप टेबलावर डगमगतोय, असं काही दिसलं तर बॅटरी काढून टाका आणि नुसत्या चार्जरवर चालवा. फुगलेली बॅटरी मुलाच्या हाताखाली नको.

दुसरं, घड्याळ. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनच्या आतला सीआर २०३२ हा छोटा सेल संपलेला असतो आणि तारीख भलत्याच वर्षाला जाऊन बसते. मग पुढे प्रोग्रॅम उतरवताना डेबियन 'ही फाइल अजून वैध नाही' अशा अर्थाचा संदेश देऊन अडून बसतं आणि आपण नेटला दोष देत राहतो. सेल बदला, नाहीतर निदान सुरुवातीच्या बायोस सेटिंगमध्ये तारीख नीट करा.

तिसरं, मशीन ३२ बिटचं आहे की ६४ बिटचं. डेबियनची १३वी आवृत्ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये आली, तेव्हापासून ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी इन्स्टॉलर येत नाही. मशीन तेवढं म्हातारं असेल तर १२वी आवृत्ती घ्या. (या आवृत्त्यांना एका प्रसिद्ध अ‍ॅनिमेशनपटातल्या खेळण्यांची नावं असतात: १२वी 'बुकवर्म', १३वी 'ट्रिक्सी'. मुलांना हे जरूर सांगा, त्यांचा निम्मा परकेपणा तिथेच जातो.)

४. डेबियन बसवणं

डेबियनच्या अधिकृत साइटवरून 'नेटइन्स्ट' नावाची आयएसओ फाइल (सगळा इन्स्टॉलर एकाच फाइलीत) उतरवा. ६४ बिटला 'एएमडी६४' लिहिलेली घ्यायची, प्रोसेसर इंटेलचा असला तरीही तीच. विंडोजवर 'रुफस' या प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेन्यूचं बटण टिचकवत राहा. लेनोव्हो आणि डेलवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. मेन्यूतून पेन ड्राइव्ह निवडला की डेबियनचा इन्स्टॉलर उघडतो. इथे मुलाला शेजारी बसवा. निम्मं कळणार नाही, पण या यंत्रणेचा जन्म त्याने बघितलेला असेल.

बहुतेक प्रश्नांना एंटर पुरतं. पुढच्या पाच ठिकाणी मात्र थांबा.

भाषा: यादीत मराठी दिसेल आणि हात शिवशिवतील. निवडू नका. चित्रांच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी छान दिसतं, पण नंतरच्या काळ्या पडद्याला देवनागरी जोडाक्षरं, काना-मात्रा मांडता येत नाहीत, आणि सगळे संदेश चौकोन-चौकोन होऊन येतात. इंग्रजी निवडा, देश भारत निवडा.

मशीनचं नाव: हे मुलाला ठरवू द्या. इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये मोकळी जागा न सोडता. आमच्याकडे मांजरीच्या नावावरून 'मनी' ठरलं. पुढे रोज पडद्यावर आधी स्वतःचं नाव आणि त्यापुढे मशीनचं नाव दिसतं, आणि मग ते मशीन त्या पोराचं होतं.

रूटचा पासवर्ड: रूट म्हणजे या मशीनवर काहीही करायची मुभा असलेला मालक. हा पासवर्ड तुम्ही द्या आणि तुमच्याकडेच ठेवा. रिकामा सोडलात तर पुढे बनणाऱ्या पहिल्या खात्याला, म्हणजे मुलाच्या खात्याला, मालकाचे अधिकार वापरता येतात. नंतर विचारलेलं साधं खातं मुलाच्या नावाने बनवा.

डिस्क: 'गायडेड, संपूर्ण डिस्क वापरा' हा पर्याय सोपा आहे आणि जुनं सगळं पुसून टाकतो. लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर नाहीत ना, आधी बघा. यादीत पेन ड्राइव्हही डिस्क म्हणूनच दिसतो, तेव्हा जीबीचा आकडा वाचून निवडा. ग्रब, म्हणजे मशीन सुरू करताना डेबियन उघडून देणारा प्रोग्रॅम, कुठे बसवायचा असं शेवटी विचारलं तर तिथेही हीच काळजी.

सॉफ्टवेअरची निवड: इथे 'डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट' आणि 'नोम' यांच्यावर आधीच खूण असते. स्पेस बार दाबून दोन्ही खुणा काढा. 'स्टँडर्ड सिस्टिम युटिलिटीज' तेवढी राहू द्या. घाईघाईत एंटर दाबला तर अख्खा डेस्कटॉप उतरत बसतो.

५. मुलाच्या हाती देण्याआधी

रूट म्हणून लॉगिन करा. मुलाच्या खात्यातूनच मालक व्हायचं असेल तर 'एस-यू', मोकळी जागा, 'डॅश' असं टाइप करा. तो डॅश विसरलात तर पुढची आज्ञा 'सापडत नाही' म्हणून उत्तर येईल.

आधी अक्षरं मोठी करा. 'डीपीकेजी डॅश रीकॉन्फिगर', मोकळी जागा, 'कन्सोल डॅश सेटअप' ही आज्ञा काही प्रश्न विचारते. फॉन्ट 'टर्मिनस' निवडा आणि माप १६ बाय ३२. अक्षरं जवळजवळ पहिलीच्या पुस्तकाएवढी होतात. हे एक काम वगळू नका. बारीक अक्षरांचा काळा पडदा मुलांना खरंच घाबरवतो.

मग 'ए-पी-टी इन्स्टॉल' करून हे छोटे प्रोग्रॅम घाला: बीएसडीगेम्स, काऊसे (सी-ओ-डब्ल्यू-एस-ए-वाय), फिगलेट (एफ-आय-जी-एल-ई-टी), एसएल, एनकॅल (एन-सी-ए-एल), ईस्पीक डॅश एनजी (ई-एस-पी-ई-ए-के डॅश एन-जी), आणि आवाजासाठी अल्सा डॅश युटिल्स (ए-एल-एस-ए डॅश यू-टी-आय-एल-एस). सगळे फुकट, सगळे चिमुकले. झाल्यावर नेटची केबल काढून टाका. महिनोन्‌महिने तिची गरज पडणार नाही.

एक शेवटचं: 'आर-एम' ही आज्ञा फाइल पुसते आणि इथे रिसायकल बिन नाही. गेली ती गेली. मुलाच्या खात्याच्या फोल्डरमधल्या 'डॉट बॅश आर-सी' या फाइलच्या तळाशी आर-एम साठी 'आर-एम, मोकळी जागा, डॅश आय' असं टोपणनाव लिहून ठेवा. मग पुसण्याआधी मशीन दरवेळी विचारतं.

आता ते स्टिकर. कीबोर्डवर सगळी अक्षरं मोठ्या लिपीत छापलेली असतात आणि पडद्यावर उमटतात छोट्या लिपीत. आपल्या हे लक्षातही येत नाही. पण मुलगी एल शोधते तेव्हा वहीतली उभी काठी तिच्या डोळ्यांपुढे असते आणि कीबोर्डवर तशी काठी सापडते ती आकडा एकच्या बटणावर. ती एक दाबते, मग एस, मग एंटर, आणि मशीन म्हणतं असली आज्ञा नाही. एल, जी, क्यू, आर, डी, बी या बटणांवर छोट्या लिपीतली अक्षरं चिकटवलीत की निम्म्या चुका तिथेच संपतात.

६. पहिली बैठक

मशीन सुरू करणं, नाव टाइप करणं, पासवर्ड टाइप करणं, सगळं मुलाने करायचं. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. हे आधीच सांगा, नाहीतर कीबोर्ड बिघडला असं त्याला वाटतं आणि ते एकच बटण दहादा दाबतं.

पहिली आज्ञा कुठली द्यायची यावर मतं वेगवेगळी असू शकतात. माझं मत पक्कं आहे, कॅलेंडर. 'सी-ए-एल', मोकळी जागा, महिन्याचा आकडा, मोकळी जागा, वर्ष. मुलाला स्वतःच्या जन्माचा महिना टाकू द्या आणि आपला जन्म कुठल्या वारी झाला ते शोधू द्या. मग आईचा, आजोबांचा. आजोबांना फोन लावून वार सांगितला जातो, तिकडून 'बरोबर, शुक्रवारच होता' असं येतं, आणि मशीनवरचा विश्वास बसतो. पुढे ८ आणि १९४७ टाका, १५ तारखेला शुक्रवार दिसेल. ५ आणि १९६० टाका, महाराष्ट्र दिनाचा रविवार दिसेल. शेवटी ९ आणि १७५२ टाकायला सांगा आणि काही न बोलता बघत राहा. त्या सप्टेंबरात २ तारखेनंतर एकदम १४ येते. ब्रिटनने तेव्हा जुनं कॅलेंडर सोडून नवीन घेतलं आणि मधले ११ दिवस वगळले. आमच्या घरी या ११ दिवसांवर जेवताना चर्चा झाली.

नंतर काऊसे: सी-ओ-डब्ल्यू-एस-ए-वाय, मोकळी जागा, आणि मनाला येईल ते इंग्रजी अक्षरांत. पडद्यावर टायपातून काढलेली एक गाय ते वाक्य बोलते. फिगलेट हाच मजकूर पडदाभर मोठ्या अक्षरांत छापतं. ईस्पीक डॅश एनजी तो वाचून दाखवतं. आवाज आला नाही तर 'अल्सामिक्सर' उघडून बघा, आवाजाच्या पट्टीखाली दोन एम दिसत असतील तर एम दाबून ते घालवा.

तुमचे हात मांडीवर ठेवा. हे पाळायला सगळ्यात कठीण. मूल डब्ल्यू शोधायला अर्धं मिनिट लावतं आणि आपलं बोट आपोआप पुढे जातं. जाऊ देऊ नका. कुठे आहे ते तोंडाने सांगा, दाबू त्याला द्या.

बैठक संपली की वहीत त्या दिवसाच्या आज्ञा मुलाच्या हस्ताक्षरात उतरल्या पाहिजेत, शेजारी मराठीत अर्थासकट. पुढच्या वेळी आठवलं नाही तर तुम्ही सांगायचं नाही, वही उघडायची.

बंद करायला आज्ञा शिकवायची घाई नको. पॉवरचं बटण एकदा हलकं दाबलं की डेबियन सगळं आवरून बंद होतं. दाबून धरायचं मात्र नाही.

७. पुढचे आठवडे

मी ज्या क्रमाने गेलो तो देतो. तुमच्या मुलाच्या कलाने बदला.

आधी फिरणं. मशीन म्हणजे एक वाडा, प्रत्येक डिरेक्टरी (म्हणजे फोल्डर) ही एक खोली. 'पी-डब्ल्यू-डी' म्हणजे मी कुठल्या खोलीत आहे, 'एल-एस' म्हणजे इथे काय काय आहे, 'सी-डी' म्हणजे दुसऱ्या खोलीत जा, 'एम-के-डी-आय-आर' म्हणजे नवी खोली बांध. सी-डी नंतर मोकळी जागा आणि दोन टिंबं दिली की मागे येतो. ती मोकळी जागा मुलं हमखास विसरतात. एल-एस लिहिताना अक्षरांची अदलाबदल झाली तर 'एस-एल' होतं आणि पडद्यावरून आगगाडी धावत जाते. तुम्ही तो प्रोग्रॅम घातलाय हे आधी सांगू नका.

हे जमलं की खजिना लपवा. रात्री मूल झोपल्यावर त्याच्याच खात्यातून चार-पाच खोल्या एकात एक बांधा आणि प्रत्येकीत 'नॅनो' हा मजकूर लिहायचा साधा प्रोग्रॅम वापरून एक चिठ्ठी ठेवा: 'स्वयंपाकघर नावाच्या खोलीत जा', 'आता मागे ये आणि गच्ची शोध'. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं तरी मुलं फटाफट वाचतात. चिठ्ठी वाचायला 'सी-ए-टी', मोकळी जागा, चिठ्ठीचं नाव. शेवटच्या चिठ्ठीत घरातली खरी जागा असते, फ्रिजवरचा डबा वगैरे. यातून फाइल आणि डिरेक्टरी म्हणजे काय ते मुलांना असं कळतं की पुढे कधी समजावून सांगावं लागत नाही. लवकरच तुमच्यासाठी खजिना लपवला जाईल. शोधताना एल-एस नीट वाचा, पोरं टिंबाने सुरू होणारी नावं वापरून फाइली दडवायला शिकतात. त्या बघायला एल-एस, मोकळी जागा, डॅश ए.

मग गणित. बीएसडीगेम्समध्ये 'अ‍ॅरिथमेटिक' नावाचा खेळ आहे, तो बेरजा-वजाबाक्या विचारत राहतो आणि दर २० प्रश्नांनी निकाल सांगतो. बाहेर पडायला कंट्रोल आणि सी. पाढ्यांसाठी त्याहून मजेशीर एक आज्ञा आहे: 'एस-ई-क्यू', आणि पुढे २९, २९, २९०, मध्ये मोकळ्या जागा सोडून. अख्खा एकोणतीसचा पाढा उभा छापून येतो. आता सदतीसचा कसा काढशील, एवढंच विचारा आणि गप्प बसा.

शेवटी लिहिणं. नॅनोमध्ये तीन-चार आज्ञा एकाखाली एक लिहायच्या, फाइल जतन करायची आणि 'बॅश', मोकळी जागा, फाइलचं नाव असं म्हणून चालवायची. मध्ये 'स्लीप', मोकळी जागा, २ टाकलं की मशीन २ सेकंद थांबतं. फिगलेट ३, स्लीप, फिगलेट २, स्लीप, फिगलेट १, मग गाय ओरडते. हा लेकीचा पहिला प्रोग्रॅम होता. तिने त्याला प्रोग्रॅम म्हणायचं असतं हे मला नंतर सांगावं लागलं.

टॅब दाबून नाव पुरं करणं आणि वरचा बाण दाबून मागची आज्ञा परत आणणं, या दोन सोयी मुद्दाम उशिरा दाखवा. आधी हाताला अक्षरं सापडायला हवीत.

८. हमखास अडकण्याच्या जागा

हा भाग छापून कीबोर्डजवळ ठेवला तरी चालेल.

*काहीच उमटत नाही, पडदा गोठला.* बहुतेक वेळा कंट्रोल आणि एस दाबलं गेलेलं असतं. त्याने पडदा थांबतो. कंट्रोल आणि क्यू दाबा, सुरू होतो.

*एंटर दाबतोय पण नुसत्या रिकाम्या ओळी येतायत.* सी-ए-टी लिहून फाइलचं नाव द्यायचं राहिलंय, मशीन वाट बघतंय. कंट्रोल आणि सी.

*'मॅन' उघडलं, आता बाहेर कसं पडू?* मॅन ही आज्ञांची माहिती दाखवणारी आज्ञा. बाहेर पडायला क्यू. मोठ्यांचंही इथे अडतं.

*नॅनोतून बाहेर येता येत नाही.* खालच्या ओळीत छोटं छप्पर आणि एक्स दिसतं. मुलं शिफ्ट दाबून खरंच ते छप्पर टाइप करतात. ते चिन्ह म्हणजे कंट्रोलचं बटण. कंट्रोल ओ आणि एंटर म्हणजे जतन, कंट्रोल एक्स म्हणजे बाहेर.

*पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही.* कॅप्स लॉक चालू आहे. लिनक्सला मोठी आणि छोटी लिपी वेगवेगळी दिसते, फाइलच्या नावातसुद्धा.

*मशीन आपोआप बंद होऊन सुरू झालं.* कुणीतरी विंडोजच्या सवयीने कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबलंय. बहुतेक वेळा मोठा चुलतभाऊ.

*पडद्यावरचं सगळं गेलं, परत लॉगिन मागतोय.* ऑल्ट आणि एफ २ दाबलं गेलंय. आत असे सहा वेगवेगळे पडदे असतात. ऑल्ट आणि एफ १ ने परत या. दोन भावंडं असतील तर हीच सोय होते: एकाने पहिल्या पडद्यावर लॉगिन करायचं, दुसऱ्याने दुसऱ्यावर, आणि एकमेकांचं काम न मोडता आळीपाळीने बसायचं.

*गाय फक्त मुलाच्या खात्यात बोलते, रूटमध्ये 'सापडत नाही' येतं.* खेळ एका वेगळ्या डिरेक्टरीत बसतात, रूट तिथे शोधत नाही. काही बिघडलेलं नाही.

९. मराठी आणि चित्रांचा पडदा

काही महिन्यांनी मूल म्हणेल, मला मराठीत लिहायचंय, किंवा चित्र काढायचंय. ती डेस्कटॉप घालायची वेळ. 'एक्सएफसीई' हलका आहे, २ जीबी रॅमच्या मशीनवर नीट चालतो. रूट म्हणून 'टास्कसेल' (टी-ए-एस-के-एस-ई-एल) ही आज्ञा द्या, तोच सॉफ्टवेअर-निवडीचा पडदा पुन्हा येतो. डेबियन आल्यापासून काळ्या पडद्यावर वावरलेल्या मुलाला डेस्कटॉपवर काही शिकवावं लागत नाही. टर्मिनल, म्हणजे खिडकीतला काळा पडदा, कुठे आहे तेवढं दाखवा, ते लगेच आपल्या घरी पोचतं.

चित्रांसाठी 'टक्स पेंट' घ्या. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) निवडा. फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणारी) सोपी वाटते, ती मोठ्यांना. मुलाच्या हाताला अजून कसलीच सवय नाही, तेव्हा त्याला थेट इनस्क्रिप्ट द्या. तिच्यात क च्या बटणावरच शिफ्टने ख आहे, ग वर घ, त वर थ, प वर फ. डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. वर्णमाला पाठ असलेलं मूल ही मांडणी आपल्यापेक्षा लवकर धरतं, आणि बोट लागलं की ती बहुतेक भारतीय लिपींना चालते.

इंटरनेट मी अजून या मशीनवर ठेवलेलं नाही. माहिती हवी असते तेव्हा आम्ही मिळून माझ्या मशीनवर शोधतो. हा ज्याचा त्याचा निर्णय, पण निदान पहिलं वर्षभर तरी घाई करू नका असं मनापासून सांगेन.

१०. देखभाल

अधूनमधून केबल लावून रूट म्हणून 'एपीटी अपडेट' आणि मग 'एपीटी अपग्रेड' चालवा. डेबियनच्या एका आवृत्तीला साधारण ३ वर्षं पूर्ण आणि पुढची २ वर्षं मर्यादित सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, तेव्हा रोज काही करावं लागत नाही. मुलाची डिरेक्टरी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा. त्यातल्या गायींच्या फाइली तुम्हाला कचरा वाटल्या तरी त्याला वाटत नाहीत.

कधीतरी मूल रूटचा पासवर्ड मागेल. लगेच देऊ नका, पण उडवूनही लावू नका. आमच्याकडे ठरलंय की इन्स्टॉलेशन वहीत बघून स्वतः, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदा करून दाखवायचं, त्याच मशीनवर, सगळं पुसून. त्याची डिरेक्टरी आधी कॉपी झालेली असेल तर गमावण्यासारखं काही नाही. रूटच्या पासवर्डचा प्रश्न आला की तेव्हा तो त्यालाच ठरवू द्या, फक्त वहीत लिहायला लावा.